शंभरात बावन्न

२१ ऑगस्ट, शनिवार

ओढ्याला पाणी आलं आणि आज माझ्या बायकोचं, ओब्दुलियाचं, डायलिसिसचं मशीन चुकलं. पाऊस आमच्याकडे नव्हताच, वर टेकड्यांकडे झाला असणार. आम्ही ओढ्यातून जाणाऱ्या सिमेंटच्या फरशीपाशी पोहोचलो तेव्हा पाणी गढूळ आणि शांत दिसत होतं. काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या काठीवरचा दुसरा आकडा बुडालेला होता. तो बुडाला की परत फिरायचं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हमरस्त्यावरच्या पुलावरून फिरून गेलो असतो, पण तोवर तिची खुर्ची दुसऱ्याला दिली असती. फोन केला तर दवाखान्यातली मुलगी म्हणाली, सोमवारी या, तोवर पाणी कमी प्या.

परत येताना ओब्दुलिया म्हणाली, "आपण पाणी कमी प्यायचं. ओढ्याला कोणी सांगत नाही."

ही डायरी जिनिंगच्या मालकाने नाताळात दिलेली. कोरीच पडून होती. माझं शिक्षण सीमेपलीकडच्या कोआविलातल्या आमच्या खेड्यातल्या शाळेत, सगळ्या वर्गांना मिळून एक मास्तर. ते म्हणायचे, ज्याला बोलता येत नाही त्याने लिहावं. आज लिहावंसं वाटलं.

२९ ऑगस्ट, रविवार

मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. सॅन अँटोनियोहून वकीलबाई आल्या होत्या, मिस प्रुनेदा. तरुण आहेत, आणि खोकतात. आमच्यासारख्या बारा काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, कामं त्यांच्या एकटीच्या अंगावर आहेत.

आमच्या काउंटीचे चार भाग, प्रत्येक भागाला एक कमिशनर. रस्ते आणि पूल त्याच्या हातात. आमच्या नोपालेरा वस्तीच्या मधोमध दोन रस्ते एकमेकांना छेदतात, नेमक्या तिथेच चारही भागांच्या रेषा येऊन मिळतात. वस्ती चौघांत वाटली गेली आहे, म्हणून कोणत्याच भागात आमचा जोर नाही. कोणत्याच कमिशनरला आमची फरशी आपली वाटत नाही, म्हणून तिथे पूल होत नाही.

एलेनो उठून म्हणाला, "माझं टायरचं दुकान एका कमिशनरकडे आणि घर दुसऱ्याकडे. म्हणजे मी कमावतो एकाकडे, घोरतो दुसऱ्याकडे. दोघांनाही त्रास नाही." हॉल हसला. एलेनो माझा कोंपाद्रे. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो आणि अहो-जाहो करतो, भांडतानासुद्धा.

वकीलबाईंनी भिंतीवर एक तक्ता दाखवला. राज्यातल्या प्रत्येक काउंटीला एक ओळ. ओळीत आधी एकूण माणसं, मग त्यांतले नागरिक, मग नागरिकांतले अठराच्या पुढचे. त्या म्हणाल्या, न्यायाधीश फक्त हा शेवटचा आकडा बघतात, मतदानाच्या वयाचे नागरिक. एका भागात त्यांतले अर्ध्याहून जास्त आपल्या वंशाचे आहेत, असं दाखवता आलं तर नवा नकाशा मागता येतो.

एवढ्या ओळींत आमची ओळ शोधायला मला वेळ लागला. सापडली तेव्हा उगाच गलबलून आलं. कोणीतरी आम्हाला लिहून ठेवलं होतं.

फिर्याद कोणाच्या नावाने करायची, असं विचारल्यावर एलेनोने हात वर केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मीही केला.

२ सप्टेंबर

ओब्दुलियाला तक्त्याची गोष्ट सांगितली. एकावर एक चाळण्या लावल्यासारखं आहे म्हटलं. पहिल्या चाळणीतून नागरिक नसलेले पडतात, दुसरीतून पोरं.

ती बीन्स निवडत होती. म्हणाली, "म्हणजे मी पहिल्याच चाळणीतून पडले."

ती इथे आली तेव्हा आमची थोरली पोटात होती. राहण्याचा कायदेशीर कागद तिच्याकडे आहे, पण नागरिकत्वाची शपथ तिने घेतली नाही. मी घेतली तेव्हा तिलाही म्हटलं होतं. तिचं म्हणणं, आई तिकडे पुरली आहे, तिला काय तोंड दाखवू. नंतर आजार आला आणि विषय मागे पडला.

मी म्हटलं, पूल तर तुझ्यासाठीच हवा आहे.

"मग मला मोजणाऱ्यांना सांग, पूल कोणासाठी हवा ते." खडा सापडला, तो तिने बाजूला ठेवला.

१२ सप्टेंबर, रविवार

दुपारी तुरुंगात प्रार्थनेला गेलो. फादरना दर आठवड्याला जमत नाही, म्हणून मी जातो, त्यांनी दिलेला प्रसाद डबीत घेऊन. ओढा ओलांडला की दोन्ही बाजूंना कापूस, आणि कापसाच्या शेवटी ती लांब राखाडी इमारत. बहुतेक कैदी आमच्याच रंगाचे, आमच्याच भाषेचे. पांढऱ्या कपड्यांत एका रांगेत येतात. बरेच मोठ्या शहरांतले, ह्यूस्टन, डॅलस. त्यांची घरं तिकडेच.

त्यांतला तावो लारेडोचा. माझ्याहून वयाने थोडा मोठा, गुडघे गेलेले. पांढऱ्या रुमालांवर साध्या पेनाने चित्रं काढतो. आज सान हुदासचं काढलेलं दाखवलं. हा आमचा अशक्य कामांचा संत. डोक्यावर ज्योत आणि गळ्यात पदक असलेला. ज्योत इतकी जिवंत काढली होती की मी बोट लावून पाहिलं. तुरुंगातली वस्तू बाहेर नेता येत नाही, म्हणून पाहून परत दिला.

बाहेर काय चाललंय, असं त्याने विचारलं. मी मोजणीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आम्हाला मोजलं जावं म्हणून कोर्टात गेलोय.

तावो हसला. "भाऊ, इथे येऊन राहा. आम्हाला दिवसातून कितीदा मोजतात. झोपेतसुद्धा टॉर्च मारून मोजतात. माझ्याइतका मोजलेला माणूस या काउंटीत नसेल."

२६ सप्टेंबर

आज नवस बोललो. चर्चमध्ये उजव्या बाजूला सान हुदास आहे, त्याच्यासमोर हिरवी मेणबत्ती लावली आणि म्हटलं, आमच्या भागात आमचे अर्ध्याहून जास्त होऊ देत. झाले तर इथून शेजारच्या गावातल्या तुझ्या देवळापर्यंत अनवाणी चालत येईन.

नवस बोलताना मागणं स्वच्छ असावं, असं आई सांगायची. गोलमाल मागितलं तर संताला कळत नाही. म्हणून तेवढंच मागितलं.

ओब्दुलियाचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खळगा राहतो.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

आज सान हुदासचा दिवस.

जिनिंगचा हंगाम भरात आहे. गासड्या बांधत होतो तेव्हा फोन आला, यंत्राच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाहेर गेलो. वकीलबाई होत्या. काउंटीने स्वतःहून नवा नकाशा पाठवला आहे. तिसऱ्या भागात मतदानाच्या वयाच्या नागरिकांपैकी शंभरात बावन्न आमचे.

मी पुन्हा विचारलं. बावन्न, त्या म्हणाल्या.

मी कापसाच्या ढिगावर बसलो. आजच. वर्षातले एवढे दिवस सोडून नेमका आज. वकीलबाई आणखी काही सांगत होत्या, पण खरं सांगायचं तर ते माझ्या कानात शिरलं नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

ओब्दुलियाला मशीनवरून आणलं तर अंगणात कमिशनर वेबसाहेबांची गाडी उभी. तिसरा भाग त्यांच्याकडे आहे, नव्या नकाशातही त्यांचं घर तिसऱ्यातच येतं. माणूस बोलायला गोड आहे. मागच्या वर्षी आमची गाडी चिखलात रुतली तेव्हा स्वतः साखळी घेऊन आले होते. आज स्वतःच्या भट्टीत धुरावलेलं मांस आणलं होतं, कागदात गुंडाळून.

अंगणातच उभे राहून म्हणाले, "लिब्रादो, तुमच्या लोकांना हवं होतं ते झालं. आता कोर्टात पैसे जाळण्यापेक्षा ते रस्त्याला लावू. मी तर म्हणतो, चांगला माणूस उभा करा, मी हरलो तर मासे पकडत बसेन."

ओब्दुलियाने त्यांना मक्याच्या पिठाचे तमाले बांधून दिले. ते गेल्यावर म्हणाली, "हरायला निघालेला माणूस मांस घेऊन येतो का?"

मी म्हटलं, तू सगळ्यांवर संशय घेतेस. ती आजारी आहे, चिडचिड होते.

१ नोव्हेंबर

वकीलबाई आल्या. नकाशा टेबलावर पसरला. तिसऱ्या भागात आता जवळपास सगळी नोपालेरा आहे, शिवाय रेल्वेपलीकडचे काही गोरे लोक, आणि एक लांब बोट ओढा ओलांडून कापसाच्या शेतांतून तुरुंगापर्यंत गेलेलं. तिकडे कोणाचं घर नाही, म्हणून तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. एलेनोचं दुकान आणि घर एका भागात आलं, यातच तो खूश. म्हणाला, आता घोरल्याची तक्रार करायला एकच दार.

वकीलबाई खूश दिसेनात. त्यांना तीन आठवडे हवे होते. म्हणाल्या, "आकडा बरोबर असेल. पण तो कोणत्या गल्लीतून, कोणत्या घरांतून आला ते मला तुकडा-तुकडा मोजून बघू द्या. इतक्या सहज कोणी देत नाही." काउंटीने शुक्रवारपर्यंतच मुदत दिली आहे. नाही म्हटलं तर खटला उभा राहणार, आणि त्याला दोन वर्षंही लागतील, असंही त्यांनी सांगितलं.

एलेनो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "कोंपाद्रे, तुम्ही म्हणाल तसं. नवस तुमचा आहे."

ओब्दुलिया आत पडली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. दोन वर्षं, हा शब्द माझ्या छातीत बसला होता. आणि दुसरंही एक होतं. मागितलेलं मिळाल्यावर ते मोजून घ्यायचं, ही गोष्ट मला जमेना. आमच्याकडे नवसाला मिळालेलं कोणी तपासत नाही. बरं झालेलं मूल घेऊन कोणी डॉक्टरकडे खात्री करायला जात नाही, देवळात जातं.

मी म्हटलं, "ताई, संताने दिलेलं मी मोजणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद आवरायला घेतले. माझा सल्ला मी लिहून देते, निर्णय तुमचा, एवढंच म्हणाल्या. खोकत गाडीपर्यंत गेल्या. मी त्यांना संत्री दिली.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

तडजोडीच्या कागदावर सही केली. वेबसाहेबांनी हात मिळवला.

१४ नोव्हेंबर, रविवार

नवस फेडला. पहाटे निघालो, माध्यान्हीच्या घंटेला देवळात. ओब्दुलियाने थोरलीला गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागे माझे बूट मांडीवर घेऊन बसली. मी काट्यावरून पाय टाकला की गाडीतून आवाज यायचा, डावीकडून चाल, डावीकडे गवत आहे. शेवटी म्हणाली, "हा नवस तुझा आहे की माझा, मला जास्त दमायला झालंय."

पाय रक्ताळले. मन मात्र इतकं हलकं फार दिवसांनी झालं.

१० डिसेंबर

एलेनोने कमिशनरच्या निवडणुकीचा अर्ज भरला. कोट त्याच्या भाच्याचा, बाह्या आखूड. मी म्हटलं, बाह्या लांब करून घ्या. तो म्हणाला, "हात मोकळे दिसलेले बरे, लोकांना वाटेल काम करतो."

मार्चमधलं पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान हेच इथे खरं मतदान. नोव्हेंबरात समोर कोणी उभंच राहत नाही.

१६ जानेवारी, रविवार

तीन रविवार मी आणि एलेनो दारोदार फिरतो आहोत. सरकारी यादीत आमची नावं फार थोडी आहेत. एलेनो म्हणाला, नाव नोंदवलेलं नसेल, पण माणसं तर आहेत, बावन्न म्हणजे काय थट्टा आहे.

मग माणसं शोधू लागलो. बहुतेक घरांत एकच कथा. आजोबा नागरिक नाहीत, सून नाही, मुलगा आहे पण सोळाचा. तक्त्याच्या चाळण्या मी आता दारात उभा राहून बघतो. एका घरात नऊ माणसं, मत एक, आणि ते एक तेलविहिरीवर कामाला गेलेलं. त्या घरातल्या बाईने आम्हाला कॉफी दिली आणि शरमेने म्हणाली, माफ करा, आमच्याकडे कोणी नाही.

रेल्वेपलीकडे बघितलं, पडीक गोठ्यांपाशी उभ्या असलेल्या घरगाड्या बघितल्या. उरलेली माणसं कुठे असतील? संताने दिली आहेत, म्हणजे असणारच. आम्हीच नीट शोधत नाही.

३० जानेवारी

काल ओढ्याला पाणी. मशीन चुकलं. ती रात्रभर उशीला टेकून बसली, आडवं होता येत नव्हतं.

६ फेब्रुवारी, रविवार

तुरुंगात गेलो. तावोने निवडणुकीचं विचारलं. मी सांगितलं, माणसं सापडत नाहीत.

तो म्हणाला, "मला मत असतं तर तुमच्या कोंपाद्रेला दिलं असतं. टायरवाला म्हणजे रस्त्याची जाण असलेला माणूस." मग रुमाल घडी करत म्हणाला, "आईच्या पत्रावरही आता इथलाच पत्ता असतो, भाऊ. लारेडोच्या घरात भाडेकरू आलेत. मी या काउंटीचाच झालो म्हणायचं."

वाईट वाटलं. त्याच्यासाठी एक प्रार्थना जास्त केली. बाहेर पडताना मोजणीची शिट्टी झाली, सगळे उभे राहिले. मोजणी पुरी होईपर्यंत मलाही दाराशी थांबवतात.

१ मार्च, मंगळवार

मतदान. आज मशीनचाही दिवस. ओब्दुलियाला आधी शाळेपाशी नेलं, ती गाडीतच बसली. मी मत देऊन आलो तर म्हणाली, दोघांचं दिलंस ना.

संध्याकाळी एलेनोच्या दुकानात जमलो. हरलो. थोडक्याने म्हणता येईल असंही नाही. एलेनो टायरच्या चळतीवर बसला होता, कोट काढून गुडघ्यावर ठेवलेला. मग म्हणाला, "बाह्या लांब करायला हव्या होत्या."

४ मार्च, शुक्रवार

वकीलबाई स्वतः आल्या. फोनवर सांगता आलं असतं, पण आल्या. मी आणि ओब्दुलिया, दोघांसमोर बसल्या. एलेनो दाराला टेकून उभा.

मतदान झाल्यावर त्यांनी नकाशा तुकडा-तुकडा मोजला. त्यांनी बोट ठेवलं ते ओढ्यापलीकडे, त्या लांब बोटाच्या टोकावर.

"जनगणनेत कैदी जिथे कोंडलेले असतात तिथले रहिवासी धरतात. प्रौढ आहेत, बहुतेक नागरिक आहेत, आणि या तुरुंगात जास्त करून आपलेच आहेत. म्हणून ते सगळे तिसऱ्या भागातले मतदानाच्या वयाचे नागरिक झाले. मत मात्र त्यांना देता येत नाही. ते वगळले तर शंभरात त्रेचाळीस."

मला तावोचे रुमाल दिसत होते. दर रविवारी मी ज्यांच्यासमोर उभा राहिलो, तेच. मी त्यांना रेल्वेपलीकडे शोधत होतो.

एलेनोने विचारलं, परत कोर्टात जाता येईल का. वकीलबाई म्हणाल्या, तडजोडीत लिहिलं आहे, पुढच्या जनगणनेपर्यंत हा नकाशा बदलायचा नाही. सही आपली आहे. त्या 'आपली' म्हणाल्या, 'तुमची' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, मीच जास्त जोर लावायला हवा होता. मी मान हलवून नाही म्हटलं. तीन आठवडे कोणी नाकारले ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

ओब्दुलिया नकाशातल्या त्या बोटाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तुरुंगात गेले असते तर मोजली गेले असते?"

"नाही," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "त्यासाठीही नागरिक असावं लागतं."

"तिथेसुद्धा?" ओब्दुलिया हसली. हसता हसता तिला धाप लागली, मी पाठीवर हात ठेवला. एलेनो बाहेर निघून गेला.

९ मार्च, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून घेतली. तू माती आहेस हे आठव, असं फादर म्हणाले. आज ते ऐकून बरं वाटलं.

सान हुदासकडे बघवत नव्हतं, तरी गेलो. रागावता आलं नाही. मी अर्ध्याहून जास्त मागितले होते. त्याने अर्ध्याहून जास्त दिले. पूल मी मागितलाच नव्हता.

१३ मार्च, रविवार

तुरुंगात जाऊ नये असं वाटत होतं. माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळेल, असं उगाच वाटलं. गेलो.

तावोला सांगितलं. तो गुडघा चोळत राहिला.

"म्हणजे आमच्यामुळे हरलात."

मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही.

"आमच्यामुळेच. पण आम्हाला कोणी विचारलं नाही, भाऊ. आम्हाला विचारत नाहीत. मोजतात." मग थोड्या वेळाने, "तुमची बाई कशी आहे?"

मी म्हटलं, आहे. प्रसाद द्यायची वेळ झाली. एकेक जण पुढे येत होता आणि मी प्रत्येकाच्या हातावर ठेवत होतो. आधी मी त्यांना ह्यूस्टनचे, डॅलसचे समजायचो. आज प्रत्येक तोंड बघताना मनात येत होतं, हा आमच्या भागातला. हाही आमच्या भागातला. त्या अर्थाने इतक्या शेजाऱ्यांना मी आयुष्यात एकत्र पाहिलं नव्हतं.

२ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, आता एकही दिवस चुकवायचा नाही. हृदयावर ताण आहे. मी ओढ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काउंटीशी बोला.

२३ एप्रिल, शनिवार

आज मशीन अर्धवट मिळालं, पण मिळालं. ओब्दुलिया झोपली आहे, श्वास बरा आहे. झालं ते लिहून ठेवतो.

वर टेकड्यांकडे पाऊस झाला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी उतरलेलं, फरशीवर जेमतेम घोट्याइतकं. पण पुराने मेस्कितेचं अख्खं झाड आणून फरशीवर आडवं टाकलं होतं, मुळांसकट, त्यात कुंपणाच्या तारा अडकलेल्या. गाडी जाईना. रस्त्यांच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, पाठवतोय, थांबा.

थांबलो. ओब्दुलियाजवळ बर्फाचा थर्मास असतो. पाणी बेताने प्यायचं म्हणून ती बर्फाचे तुकडे चघळते. उन्हात काच खाली करून बसली होती.

पलीकडच्या काठावर आधी वेबसाहेबांची गाडी आली, आणि तिच्यामागून पांढरी बस. बसमधून पांढऱ्या कपड्यांतले कैदी उतरले. एक शिपाई बंदूक घेऊन काठावर उभा राहिला. बाकीचे पाण्यात शिरले, तारा हातांनी सोडवू लागले. हातमोजे सगळ्यांना नव्हते. कुऱ्हाडी दोन. शेवटचा उतरला तो तावो. गुडघ्यांमुळे त्याला या कामावर आणायला नको होतं. साखळीचं टोक त्याने खांद्यावर घेतलं आणि ओढायला लागला.

झाड फरशीच्या मध्यापर्यंत सरकलं तेव्हा तो आमच्यापासून दहा-बारा हातांवर होता. त्याने मला पाहिलं. मग गाडीत पाहिलं, ओब्दुलियाकडे. नंतर मान खाली घातली. बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम आहे.

ओब्दुलियाने विचारलं, "कोण आहेत रे हे?"

मी म्हटलं, "आपल्या भागातले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग थर्मास घेऊन दार उघडायला लागली. शिपाई ओरडून म्हणाला, बाई, आतच बसा, त्यांना काही द्यायचं नाही. तिने झाकण लावलं आणि थर्मास मांडीवर घेऊन बसली. बर्फ तिनेही नंतर खाल्ला नाही.

झाड एकदाचं पाण्यात गेलं. वेबसाहेबांनी हाताने खूण केली, या, या, उशीर होतोय तुम्हाला. मी गाडी फरशीवर घातली. चाकांखाली पाणी वाजत होतं. ते सगळे कडेला सरकून उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि मी त्यांच्यामधून गेलो. मी आभाराचा हात वर केला. कोणासाठी, ते मला धड सांगता येणार नाही. उत्तराला हात वर केला तो वेबसाहेबांनी.

वर रस्त्याला लागलो. मागे शिपायाची शिट्टी झाली. मी रस्त्याकडे बघत होतो. ओब्दुलिया बाजूच्या आरशात बघत होती. बराच वेळ बघत होती.

मग म्हणाली, "परत मोजतायत त्यांना."